विनोदाशिवाय कुकी नाही

“रोंडा, जरा हात मोकळे आहेत का गं?”

माझे दोन्ही हात मनगटापर्यंत भोपळ्यात होते. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात डोक्याला जाळी लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही असा नियम आहे, म्हणून ग्रेचेन उंबऱ्याबाहेरूनच विचारत होती. ग्रेचेन म्हणजे आमची गिळण्याची बाई. तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण कोणाला काय चाववतं, कोणाला काय गिळवतं हे ती ठरवते आणि मग मी ते रांधते. पोरगी गुणी आहे. तिच्यावर रागावता येत नाही, हीच तिची पंचाईत.

“हात नाहीत, कान आहेत. बोल.”

“मार्लिसचं वजन परत उतरलंय.”

मार्लिस म्हणजे माझी आई. मी इथं आधीपासून स्वयंपाकाला होते, ती नंतर राहायला आली. लोक म्हणतात, किती बरं ना, आई सतत डोळ्यांसमोर. डोळ्यांसमोर असते खरी. मीच तिच्या डोळ्यांसमोर असते की नाही, ते त्या दिवसावर अवलंबून. कधी मी रोंडा असते, कधी तिची मेलेली बहीण, कधी नुसतीच एप्रन घातलेली एक बाई.

“आज मी संध्याकाळी थांबतेय,” ग्रेचेन म्हणाली. “पोरं हॅलोविनचा खाऊ मागायला येतील, तू कुकी वाटशील, तेव्हा मी तिच्याशेजारी बसेन. तिनं आपणहून एक उचलली, नीट चावली, ठसका न लागता गिळली, तर मऊ जेवणावरच ठेवते. नाहीतर सोमवारपासून सगळं मिक्सरमधून वाटलेलं.”

“आणि तिनं उचललीच नाही तर?”

“तेच सांगतेय, रोंडा. हल्ली ती काहीच उचलत नाही.”

मी मान हलवली आणि भोपळा कुस्करत राहिले. दुसरं काय करणार होते?

वाटलेलं जेवण मीच करते. कोंबडी वाटायची, मटार वाटायचे, बटाटा वाटायचा आणि आईस्क्रीमच्या चमच्यानं ताटलीत तीन गोळे मांडायचे. तपकिरी, हिरवा, पांढरा. पहिल्या दिवशी माणूस त्या ताटलीकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो. तेवढ्या वेळात मी आत काहीतरी काम काढते. एकदा वाटलेल्यावर गेलेलं माणूस पुन्हा काट्या-सुरीवर आलेलं मी क्वचितच पाहिलंय. आणि माझी आई म्हणजे काही साधं गिऱ्हाईक नव्हे. मक्याचं कणीस दातांनी असं सोलायची की शेजारचे लोक बघत बसायचे.

हल्ली मात्र घास पुढे केला की ती ओठ मिटायची, ताटली बोटांनी हळूच बाजूला सरकवायची आणि म्हणायची, “पुढे दे.” मदतनीस पोरींना वाटायचं, जेवण आवडत नाही. मलाही तेच वाटायचं, आणि जेवण माझ्याच हातचं. चाळीशीपासून या चुलीपुढे उभी आहे मी. आता गुडघे दुपारनंतर आपलं ऐकत नाहीत. पण सगळ्या दिवसाचा शीण एकीकडे आणि ते ‘पुढे दे’ एकीकडे.

“तोंड का असं?” ड्वेननं भांड्यांच्या वाफेतून विचारलं. ड्वेन आमच्याकडे भांडी घासतो. देह दरवाजाएवढा, आवाज त्याहून मोठा.

“माझं तोंड असंच आहे.”

“नाही, रोजचं वेगळं असतं. रोजचं नुसतं वाईट असतं.”

मी त्याच्याकडे भोपळ्याची साल भिरकावली. तेवढ्यात त्यानं कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं. इथले कार्यक्रम आखणाऱ्या नव्या पोरीनं हॅलोविनला दारात मांडायचे मोठे भोपळे कोरले होते, आणि त्यांच्या पोटातला सगळा धागेदार गाळ ‘तुझ्या कुकींसाठी’ म्हणून प्रेमानं आणून ठेवला होता.

“मोठ्या शहरातली दिसते,” मी म्हणाले. “कोरायचा भोपळा वेगळा, खायचा वेगळा. त्या गाळाची कुकी केली तर मोज्यासारखी लागेल.”

“तू मोजा खाल्लायस?”

“तू धुतलेल्या वाडग्यात जेवते रोज. सवय आहे.”

तो खदाखदा हसला. मी नाही हसले. हसू येत नव्हतं असं नाही, पण बाहेर यायला त्याला जी थोडी ताकद लागते ती शिल्लक नव्हती.

खायचा भोपळा लहान आणि जड असतो. मी दोन फाकी करून तो उपडा भाजला होता, गर काढून फडक्यात टांगून पाणी गाळलं होतं. ही आईची रीत. तिच्या कुकीत लोणी, साखर सढळ हातानं असायची आणि अंगणातल्या झाडाचे काळे अक्रोड. ते फोडून फोडून आमची बोटं नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत काळी राहायची. वृद्धाश्रमात ते चालत नाही. इथं निम्म्यांना साखरेचं पथ्य, उरलेल्यांना दातांचं. म्हणून लोण्याऐवजी सफरचंदाचा गर, साखरेऐवजी जरासा मेपलचा पाक, गव्हाचं पीठ, आणि ओट्स मैद्याइतके बारीक दळलेले. दालचिनी, जायफळ आणि चिमूटभर लवंग मात्र मी कोणाला विचारून घालत नाही. अक्रोड नाही. अक्रोडाचा एक कण जरी चुकीच्या वाटेनं गेला तर संपलंच.

भट्टीतून वास आला तसं मला आमचं जुनं घर आठवलं. डे मॉइनच्या दक्षिण भागातलं, उताराच्या गल्लीतलं.

आमच्या गावात पोरं हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळीच सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. त्या रात्रीला भिकाऱ्यांची रात्र म्हणतात. पण नाव काही असो, फुकट कोणाला काही मिळत नाही. भूत असो, समुद्री चाचा असो, आधी विनोद सांगायचा, मग खाऊ. हा नियम गावभर आहे, पण आईइतका कडक कोणी पाळला नसेल. आई शाळेची पिवळी बस चालवायची. गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच बसमधली, त्यामुळे दारातसुद्धा ती ड्रायव्हरसारखीच उभी राहायची. हातात कुकीची परात, डोळे पोरावर रोखलेले.

“बोल.”

पोरगं बोलायचं. विनोद कितीही शिळा असला तरी आई पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची. थंडीमुळे बऱ्याच पोरींचं राजकन्येचं सोंग कोटाखाली झाकून जायचं, कोणाला विनोद पाठ नसायचा, कोणी लाजायचं. अशा पोराला परत पाठवायचं नाही. आई खाली वाकून त्याच्या कानात एक विनोद उसना द्यायची. नेहमी तोच. चेटकीण झाडूवर बसून का उडते? तर व्हॅक्यूम क्लीनरची वायर तेवढी लांब नसते म्हणून. पोरगं तो मोठ्यानं सांगायचं, आई हसायची आणि मगच कुकी. एकदा पाद्रीबाबा सहज कुकी उचलायला गेले तर तिनं परात मागे घेतली होती.

“त्यांना तरी द्यायची,” मी तेव्हा म्हणाले होते.

“विनोद सांगून घेतली की ती कमाई,” आई म्हणाली. “न सांगता घेतली की भीक. माझ्या दारात कोणी भीक मागत नाही.”

पुढे काळ बदलला. घरच्या खाऊत कोणी काय घालेल सांगता येत नाही, अशी भीती सगळीकडे पसरली. एका वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या झुडपाखाली आईच्या कुकी सापडल्या. आईबापांनी पिशव्या तपासून तिथंच टाकलेल्या. बस काढायच्या आधी आईनं त्या वाकून वाकून गोळा केल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मला वाटलं रडेल. रडली नाही. पुढच्या वर्षी तिनं दुकानातली कागदबंद चॉकलेटं आणली, पण विनोदाचा नियम तसाच. कुकी मग फक्त आम्हा घरच्यांसाठी व्हायच्या, आणि आम्हालासुद्धा विनोद चुकला नाही.

संध्याकाळी वृद्धाश्रमाच्या लांब बोळात खुर्च्या मांडल्या. ज्यांना बसवतं ते सगळे ओळीनं बसले, प्रत्येकाच्या मांडीवर कागदबंद चॉकलेटांचा वाडगा. पोरांना घरची कुकी द्यायची नाही, हा नियम इथंही आहे. म्हणून माझ्या कुकी फक्त म्हाताऱ्यांसाठी. कोणी आईच्या डोक्यावर चेटकिणीची टोपी घातली होती, ती तिनं काढून मांडीवर ठेवली होती, नीट घडी करून. टोक असलेल्या टोपीची घडी कशी केली देव जाणे. चॉकलेटांचा वाडगा तिनं शेजारच्या खुर्चीवर सरकवून दिला होता.

ग्रेचेन तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसली. पोरं आत आली. बाहेर कडाक्याची थंडी होती, त्यामुळे सगळ्यांच्या अंगावर जाडजूड कोट आणि त्यावर पंख, शेपट्या, कवट्या.

“सांगाड्याला थंडी जास्त का वाजते?” एका पोरानं आईच्या पलीकडच्या आजोबांना विचारलं.

“का रे बाबा?”

“वारा आरपार जातो!”

आजोबा दात काढून हसले, पोराला मूठभर चॉकलेटं मिळाली. मी परात घेऊन त्यांच्या मागून आले. कुकी अजून कोमट होत्या. एकेकाला देत देत आईपाशी पोचले आणि परात तिच्यासमोर धरली. मला खरोखरच भीती वाटत होती.

आईनं परातीकडे पाहिलं. वास घेतला. तिचा हात उठला, कुकीच्या अगदी जवळ गेला. मग तिनं तो मागे घेतला, मांडीवरच्या टोपीवर ठेवला आणि ओठ मिटले.

“आई, घे ना. भोपळ्याची आहे. तुझीच.”

“नको.”

“एक घास. माझ्यासाठी घे.”

“पुढे दे.”

“आई, हट्ट करू नकोस गं. ग्रेचेन बघतेय. एवढं एक...”

तिनं तोंड फिरवलं. ग्रेचेननं खाली बघून काहीतरी लिहिलं. मला तिथंच जमिनीवर बसावंसं वाटलं, आणि बसलेच मी, आईच्या पायापाशी, परात मांडीत घेऊन. ड्वेन स्वयंपाकघराच्या दारातून बघत होता. त्यानं टोमणा मारला नाही, त्यावरून माझं तोंड कसं दिसत असेल ते मला कळलं.

तेवढ्यात समोरून एक पोरगी आली. पाठीवर वटवाघळाचे पंख, नाक वाहतंय. तिनं पलीकडच्या आजोबांना काहीतरी सांगितलं, चॉकलेट घेतलं आणि पळाली. आई तिच्या पाठीकडे बघत राहिली.

“तिला येतो,” ती हळूच म्हणाली.

“काय येतो?”

“सगळ्यांना येतो. मला एकही आठवत नाही गं.” मग माझ्याकडे वाकून, कोणी ऐकू नये अशा आवाजात, “तू परात पुढे ने बाई. मागे पोरं उभी आहेत. माझ्यामुळे खोळंबलीत.”

मला कळायला वेळ लागला. मग एकदम कळलं. ती रांगेत उभी होती. किती दिवसांपासून उभी होती कोण जाणे. सकाळी, दुपारी, रात्री कोणीतरी एप्रन घातलेली बाई तिच्यासमोर खाऊ धरत होती, आणि तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. आम्ही वजन मोजत होतो, जेवण बदलत होतो, आळवत होतो. फुकटचं घ्यायचं नाही म्हणून ती आपला नंबर मागच्याला देत होती.

“म्हाताऱ्या माणसांना विनोद माफ असतो,” ग्रेचेन चांगल्या मनानं म्हणाली. तिनंही ऐकलं होतं.

आईनं तिच्याकडे असं पाहिलं, की बसमधलं अख्खं मागचं बाकडं गप्प झालं असतं. “कोणी सांगितलं?”

ग्रेचेननं स्टूल जरा मागे सरकवलं.

मी गुडघ्यांवर उठले. दुखले, दुखू देत. आईच्या कानापाशी तोंड नेलं. “मी एक उसना देते,” मी म्हणाले. “चालतं ना उसनं?”

तिनं विचार केला. “चालतं.”

“चेटकीण झाडूवर बसून का उडते?”

“चेटकीण झाडूवर बसून का उडते,” तिनं मोठ्यानं म्हटलं. बसायच्या खोलीपर्यंत जाईल असा आवाज. कितीतरी दिवसांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. पोरं थांबली. पलीकडच्या आजोबांनी कानातलं यंत्र चाचपलं.

“का?” मी विचारलं.

“कारण...”

ती थांबली. ओठ हलत होते. नजर बोळाच्या टोकापर्यंत गेली आणि तशीच परत आली. मला उत्तर सांगायचं होतं, जिभेवर होतं, वायर, आई, वायर. पण मी नाही सांगितलं. उसना प्रश्न चालतो, उत्तरही मीच दिलं असतं तर उरलं काय? ग्रेचेननं पेन खिशात ठेवलं.

“कारण,” आई म्हणाली आणि तिच्या एका भुवईला बाक आला, “तिची बस चुकली.”

मग दारातून ड्वेन असा गडगडला की पोरंसुद्धा दचकली आणि मग हसायला लागली. मी हसले. पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि ते पाणी सगळं हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही. हा विनोद तिचा होता. उसना प्रश्न, पण उत्तर स्वतःचं. इतकी वर्षं सकाळी उशिरा धावत येणाऱ्या पोरांना आरशात बघत ती बस पुढे काढायची, त्यातली एखादी चेटकीण असणारच.

आई आमचं हसणं पुरतं होईपर्यंत थांबली. मग तिनं हात पुढे केला आणि परातीतून एक कुकी उचलली. मधली, जराशी जास्त भाजलेली. तिला तशीच आवडते.

तिनं चावा घेतला. चावत राहिली. ग्रेचेन तिच्या गळ्याकडे बघत होती, मी तिच्या डोळ्यांकडे.

“अक्रोड कुठंयत?” घास तोंडात ठेवूनच तिनं विचारलं.

“संपले, आई.”

“चिक्कू कुठली.”

तिनं दुसरा चावा घेतला. गिळला. तिसरा घेतला, आणि तिथं तिला ठसका लागला. आधी लहान, मग मोठा, मग थांबेचना. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी. ग्रेचेननं तिला पुढे वाकवलं, पाठीवर हात धरला, मदतनीस पोरी धावल्या. पोरांना कोणीतरी पुढच्या खोलीत नेलं. बऱ्याच वेळानं आईचा श्वास जागेवर आला. अर्धी कुकी तिनं मुठीत घट्ट धरून ठेवली होती, कोणी मागितली तरी सोडत नव्हती.

पोरं गेल्यावर ग्रेचेन स्वयंपाकघराच्या दाराशी आली. या वेळी तिनं डोक्याला जाळी लावून आत पाऊल टाकलं, तेव्हाच मी समजले.

“खायचं मन आहे तिचं, रोंडा,” ती म्हणाली. “गळा नाही. परत असा ठसका लागला तर घास छातीत जाईल.”

“ठाऊक आहे.”

“मला वाईट वाटतं.”

“ठाऊक आहे ते पण. घरी जा आता. तुझ्याही दारात पोरं खोळंबली असतील.”

ती गेली. ड्वेननं परात माझ्या हातातून काढून घेतली आणि न सांगता घासली. उरलेल्या कुकी मी झाकून ठेवल्या. त्या अर्ध्या कुकीचा चुरा दुसऱ्या दिवशी आईच्या चादरीत सापडला.

सोमवारी मी त्या कुकी कोमट दुधात भिजवून वाटल्या. गोळा नाही केला. आईच्या जुन्या निळ्या वाडग्यात ओतल्या, वर दालचिनी भुरभुरली. फार काही दिसत नव्हतं. तपकिरी लापशी. मदतनीस पोरीला म्हटलं, आज मी भरवते.

आई खिडकीजवळ बसली होती. मी वाडगा समोर धरला. तिनं आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी आत काम काढलं नाही. तिनं ओठ मिटले.

“चेटकीण झाडूवर बसून का उडते?” मी विचारलं.

आता हे रोज चालतं. मदतनीस पोरींनाही मी शिकवून ठेवलंय. काही दिवशी उत्तर पटकन येतं, काही दिवशी वायर येते, काही दिवशी बस, एकदा तर ‘तिला घरी जायचंय’ असं आलं आणि त्यालाही मी हसले. काही दिवशी मात्र येतच नाही. मग मी चमचा वाडग्यात ठेवते आणि वाट बघते. अन्न निवतं. आत चुलीवर दुपारचं तसंच राहिलेलं असतं, ड्वेन हाका मारत असतो.

त्या सोमवारी फार वेळ लागला. आई अस्वस्थ झाली, मान वळवून माझ्या खांद्यापलीकडे, रिकाम्या दाराकडे बघायला लागली.

“मागे पोरं ताटकळलीत गं.”

“ताटकळू देत,” मी म्हणाले. “नंबर तुझा आहे.”